दहा माणसांचा हिशेब : कोकणातील बेने इस्रायल

परंपरेनुसार यहुदी सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. या दहांना ‘मिन्यान’ म्हणतात. नऊ असतील तर प्रत्येकाने आपापली प्रार्थना करावी. तोराची गुंडाळी उघडून वाचता येत नाही. एखादा यहुदी समाज नांदता आहे की नाही, हे मोजायचे माप असे त्या धर्मानेच देऊन ठेवले आहे. पण हे दहा जण घडतात कशाने? महाराष्ट्रातील बेने इस्रायल समाजाचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

समाजाची आपल्या उगमाविषयीची कथा अशी : अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, धर्मग्रंथ समुद्रात गेले. ही घटना केव्हाची यावर विद्वानांचे एकमत नाही. मात्र पुढचे सारे कोकणाने लिहून ठेवले आहे. जव्हारजवळचा शिरपामाळ शिवाजी महाराजांच्या सुरत स्वारीची आठवण जशी नावात जपतो, तशी रायगड जिल्ह्यातील गावे या मंडळींच्या आडनावांत जपली गेली आहेत : केहिमकर, दिवेकर, राजपूरकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर.

ग्रंथ नाही, धर्मगुरू नाही, हिब्रू येत नाही, आणि हे काही शतके. तरी समाज विरघळला नाही. शेमा ही प्रार्थना, मुलांची सुंता, खवले आणि पर असलेलाच मासा खाणे आणि शनिवारची विश्रांती एवढे त्यांच्यापाशी उरले होते. धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. हे नाव मला फार बोलके वाटते. ज्या समाजाचा शब्बाथ सगळ्या गावाला ठाऊक असतो, त्याला तो गुपचूप मोडता येत नाही. शेजाऱ्यांचे लक्ष हाच एक पहारा होतो.

सणांची नावेही मराठीच. नववर्षाचा नव्याचा सण, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा दारफळणीचा सण, पुरिमचा होळीचा सण. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन इथे बिरड्याचा सण झाला, कारण त्या दिवशी वालाचे बिरडे खायचे. हनुक्काचा मात्र जुन्या परंपरेत मागमूस नाही. तो सण रूढ होण्यापूर्वीच हे लोक मूळ प्रवाहापासून तुटले असावेत, असे त्यावरून काही अभ्यासक मानतात.

या उरलेल्या खुणांवरूनच दावीद रहाबी नावाच्या यहुदी गृहस्थाने त्यांना ओळखले, हिब्रू शिकवले आणि तिघांना धर्मकार्यासाठी तयार केले, असे परंपरा सांगते. त्यांच्या वंशजांना काजी म्हणत. कोकणी मुसलमान शेजाऱ्यांकडून आलेला हा शब्द कुणाला खटकला नाही. प्रार्थनास्थळालाही ‘मशीद’च म्हणत. मुंबईतले पहिले असे स्थळ, मांडवीचे ‘शार हराहमीम’, १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर या इंग्रजी फौजेतल्या अधिकाऱ्याने बांधले. घरच्या मराठीत त्यांचे नाव सामाजी हसाजी. टिपूच्या कैदेतून सुटल्याबद्दलचा हा नवस, अशी हकीकत आहे.

खरा बहर पुढल्या शतकातला. जॉन विल्सन या मिशनऱ्याने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण काढले. हेतू धर्मांतराचा होता. फळ उलटे आले. बेने इस्रायलांनी व्याकरण घेतले आणि धर्म आपलाच ठेवला. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. १८८० च्या सुमारास समाजातले कीर्तनकार अब्राहाम-मोशेची आख्याने झांजांच्या साथीने लावू लागले. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्रायली शाळा काढली आणि १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला.

रिबेका रूबेन १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिल्या आल्या आणि १९२२ पासून त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. डॉ. जेरुशा झिराड कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. मिन्यानमध्ये ज्यांची मोजणी होत नसे, त्या स्त्रियांनीच समाजाची पुढची पिढी घडवली, हे नोंदवायला हवे.

चित्र सगळेच गोड नाही. समाजात ‘गोरे’ आणि ‘काळे’ इस्रायल असा भेद होता. दोघांत सोयरीक होत नसे. श्रीमंत बगदादी यहुदी बेने इस्रायलांना कमी लेखत. दफनभूमीतसुद्धा त्यांना वेगळेपण हवे होते. तरीही शाळा, मंडळे, छापखाना, पतसंस्था हा पसारा कोकणातून आलेल्या कारकून-सुभेदारांच्या समाजाने उभा केला. नांदता समाज म्हणजे मला हेच दिसते : मुलाला शिकवणारा, प्रार्थना म्हणवणारा, मृताला माती देणारा माणूस आपल्यातलाच असणे.

ज्या हिब्रूने हा समाज जागा केला, त्याच हिब्रूने त्याला पुढे बोलावून नेले. १९४८ नंतर जहाजे निघाली. तेव्हा येथे सुमारे २० हजार बेने इस्रायल होते. आज पाच हजारांहून कमी आहेत. छळ कुणी केला नव्हता, हे विशेष. उलट छळासारखे काही वाट्याला आले ते तिकडे : त्यांच्या यहुदीपणाविषयी तिथल्या धर्मपीठाने शंका घेतली, विवाहासाठी वंशावळीची चौकशी लावली. निदर्शने झाली, आणि १९६४ मध्ये त्यांना इतरांसारखेच यहुदी मानण्याचा निर्वाळा द्यावा लागला. शेकडो वर्षे शनिवारी घाणा थांबवणाऱ्यांना यहुदीपणाचा पुरावा मागितला गेला! कोकणातल्या कुणा शेजाऱ्याने तो कधी मागितला नव्हता.

इस्रायलमधल्या या मंडळींनी ‘मायबोली’ नावाचे मराठी त्रैमासिक चालवले. इकडे महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याकाचा दर्जा दिला. ठाण्याच्या १८७९ च्या ‘शार हशामाइम’मध्ये सणाला आजही गर्दी होते. अलिबाग, रेवदंडा, पनवेल येथील प्रार्थनास्थळे उभी आहेत, पण गावांतली घरे मोजकी. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर एलियाहू संदेष्ट्याच्या रथाच्या खुणा आहेत, असे मानतात. तिथे परदेशातून आलेली कुटुंबे भिजवलेले पोहे, खोबरे, साखर आणि फळे मांडून मलिदा करतात. प्रार्थना हिब्रूत चालते, मधल्या गप्पा मराठीत.