ग्रहविज्ञानात रिसर्च करायचा आहे? लोणारपासून चांद्रयानच्या डेटापर्यंत, सुरुवात कुठून करायची ते बघा

दिवाळीला गावी, म्हणजे वरवट बकालला गेलो होतो. चुलत बहीण बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. फराळ करता करता तिनं विचारलं, "दादा, लोणारवर रिसर्च करायले अमेरिकेतच जा लागते का?" मी हसलो, पण नीट उत्तर देता आलं नाही. मी सॉफ्टवेअरवाला. चांद्रयानचं लँडिंग मोबाइलवर लाइव्ह बघण्यापलीकडे माझी मजल नव्हती. घरचे तिला बी.एड. कर म्हणतात, आणि ठरवायला तिच्याकडे जेमतेम वर्षभर आहे. म्हणून सुट्टीवरून परत आल्यावर बसून शोधलं. जे सापडलं ते इथे लिहितोय. तुमच्यापैकी कोणी याच प्रश्नावर अडकलं असेल तर कामी येईल.

आधी हे की ग्रहविज्ञान म्हणजे दुर्बिणीतून तारे बघणं नव्हे. चंद्र, मंगळ, शुक्र, लघुग्रह, उल्का हे कशाचे बनलेत, कसे बनले, त्यांच्यावर काय काय आदळलं याचा अभ्यास म्हणजे ग्रहविज्ञान. यात जिऑलॉजीवाले लागतात, फिजिक्स-केमिस्ट्रीवाले लागतात आणि आता कोडिंगवालेही भरपूर लागतात.

आपल्याच जिल्ह्यातलं विवर

बुलढाणा जिल्ह्याच्या वरच्या टोकाला, सातपुड्याच्या बाजूला आमचं गाव, आणि खालच्या टोकाला लोणार. आम्हा पोरांना लोणार म्हणजे शाळेची सहल आणि खारं पाणी. आता खारपाणपट्ट्यातल्या पोरांना खाऱ्या पाण्याचं काय कौतुक! पण शास्त्रज्ञांना कौतुक पाण्याइतकंच खालच्या दगडाचं आहे.

लोणारचं विवर साधारण 1.8 किलोमीटर रुंद आणि काठापासून तळापर्यंत 150 मीटरच्या आसपास खोल आहे. ते दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकात बनलंय. चंद्रावर जे काळपट डाग दिसतात ते बेसाल्टचेच, आणि मंगळाचा मोठा भागही बेसाल्टचाच. पृथ्वीवर बेसाल्टमध्ये बनलेली आणि इतकी चांगली टिकलेली विवरं फार थोडी आहेत. त्यामुळे चंद्र-मंगळावरची विवरं समजून घ्यायची तर लोणार हे आयतं सापडलेलं सॅम्पल आहे.

बरीच वर्षं लोक याला ज्वालामुखीचं तोंड समजायचे. 1973 साली 'सायन्स' या जर्नलमध्ये भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांचा पेपर आला आणि हे धडकेनं बनलेलं विवर आहे हे पक्कं झालं. त्यांनी तळात बोअर घेतले होते, आणि पुराव्यांमध्ये एक होता मास्केलिनाइट. बेसाल्टमधल्या एका खनिजाला प्रचंड धक्का बसला की ते न वितळताच काचेसारखं होतं, तेच हे. गंमत म्हणजे मास्केलिनाइट सगळ्यात आधी ओळखलं गेलं ते बिहारमधल्या शेरघाटीला 1865 साली पडलेल्या उल्केत. ती उल्का मंगळावरून आलेली होती हे कळायला पुढे शंभरहून जास्त वर्षं गेली. आज मंगळावरून आलेल्या उल्कांच्या सगळ्यात मोठ्या गटाला 'शेरगोटाइट' म्हणतात, म्हणजे जगभरच्या पुस्तकांत बिहारच्या गावाचं नाव छापलं जातं.

बहिणीला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट वेगळीच होती. लोणारचं वय अजून ठरलेलं नाही. एका पद्धतीनं ते सुमारे 52 हजार वर्षं आलं. 2011 मध्ये आर्गॉन पद्धतीनं मोजलं तर सुमारे 5 लाख 70 हजार वर्षं आलं. म्हणजे दहापटीचा फरक! पुस्तकात एकच आकडा छापलेला असतो आणि आपण तो पाठ करतो. इथे खरं काम अजून बाकी आहे.

2020 च्या जूनमध्ये तळ्याचं पाणी गुलाबी झालं होतं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर काय काय फिरलं ते आठवत असेल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले तेव्हा मीठ आवडणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव निघाले. त्याच वर्षी लोणारला रामसर दर्जा मिळाला. अशा खारट, अल्कधर्मी पाण्यात जीव कसे टिकतात हाही मंगळाच्या अभ्यासातलाच प्रश्न आहे, त्यामुळे मायक्रोबायोलॉजीवाल्यांनाही इथे दार उघडं आहे.

एक लक्षात ठेवा. लोणार हे अभयारण्य आहे. 'आठवण म्हणून' दगड खिशात घालू नका. अभ्यासासाठी नमुने घ्यायचे तर वनविभागाची परवानगी लागते आणि ती कॉलेज किंवा संस्थेमार्फत मागावी लागते.

मोबाइलवर आज रात्री करता येईल असं काम

क्रोममध्ये 'क्विकमॅप' शोधा. नासाच्या एलआरओ यानाच्या डेटावर बनलेला चंद्राचा नकाशा आहे, फुकट आणि लॉगिनशिवाय. त्यात 'लिने' नावाचं विवर शोधा. ते सुमारे 2.2 किलोमीटर रुंद आहे आणि लोणारसारखंच बेसाल्टमध्ये बनलेलं. आता रेघ मारायचं टूल घेऊन एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत रेघ ओढा, उंचीचा आलेख मिळेल. बोटानं रेघ मारताना दोन-चार वेळा चुकेल, फोन आडवा धरला की जरा बरं जातं.

लिनेची खोली 600 मीटरच्या आसपास निघेल. खोली भागिले रुंदी केली तर साधारण 1 ला 4. लोणारसाठी हाच भागाकार करा: 150 भागिले 1800, म्हणजे 1 ला 12. दगड जवळपास तोच, मग लोणार इतकं उथळ का? कारण चंद्रावर पाऊस नाही. लोणारच्या काठावरची माती हजारो पावसाळे आत वाहून येतेय. तळात बोअर घेतले तेव्हा शंभर मीटरच्या आसपास गाळ लागला होता. तो काढला असं समजून 250 मीटर धरले तर गुणोत्तर 1 ला 7 होतं. तरी लिनेइतकं येत नाहीच. उरलेल्या फरकात काठाची झीज आहे, गुरुत्वाकर्षणाचा फरक आहे, आणि गाळाखाली धडकेनंच फुटून परत पडलेल्या खडकांचा थर आहे. कुठला वाटा किती, हे सांगणं म्हणजे रिसर्च.

हे मी बहिणीला व्हिडिओ कॉलवर करायला लावलं. नेटवर्क तीनदा गेलं, पण आकडा तिनं स्वतः काढला.

इस्रोचा डेटा कुठे मिळतो?

हे बऱ्याच जणांना माहीतच नाही. चांद्रयान-1, 2, 3 आणि मंगळयानाचा डेटा इस्रोनं 'प्रदान' नावाच्या पोर्टलवर ठेवलाय. ईमेलनं रजिस्टर करायचं, पैसे लागत नाहीत. चांद्रयान-2 वरचा ओएचआरसी कॅमेरा चंद्रावरची 25 सेंटिमीटरची वस्तू दाखवतो. म्हणजे चंद्रावर कोणी घागर ठेवली तर फोटोत एक-दोन ठिपके दिसतील. टीएमसी-2 या दुसऱ्या कॅमेऱ्याचं रिझोल्यूशन 5 मीटर आहे, पण त्याच्या फोटोंवरून उंची-खोली काढता येते.

फाइल्स मोठ्या असतात. दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर ओएचआरसीची फाइल उतरवायला बसू नका. आधी पोर्टलवरच नकाशात छोटा प्रिव्ह्यू बघा, लागेल तीच फाइल कॉलेजच्या वायफायवर घ्या. डेटा 'पीडीएस-4' या फॉरमॅटमध्ये असतो: एक फोटोची फाइल आणि तिच्यासोबत एक लेबल फाइल. फोटो कुठला, कधीचा, किती उंचीवरून हे सगळं लेबलमध्ये. नवशिके लेबल टाकून देतात आणि मग फोटो उघडत नाही म्हणून रडतात. (मीही रडलो.) कॉम्प्युटरवर क्यूजीआयएस नावाचं फुकट सॉफ्टवेअर हे उघडतं. लॅपटॉप नसेल तर गूगल कोलॅब मोबाइलच्या ब्राउझरमध्येही चालतं. पायथॉन शिकायला तेवढं पुरतं, प्रोजेक्ट करायला नाही.

नकाशे आणि सॅटेलाइट फोटो वाचायला शिकायचं असेल तर डेहराडूनची आयआयआरएस ही इस्रोची संस्था फुकट ऑनलाइन कोर्स घेते, सर्टिफिकेटही देते. चांद्रयान-2 वरच्या एका उपकरणाचं नावही आयआयआरएसच आहे. शोधताना गोंधळून जाऊ नका.

बातमी काय आहे? काम वाढतंय

23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 उतरलं हे सगळ्यांना माहीत आहे. नंतर काय झालं ते कमी जणांनी वाचलं. प्रज्ञान रोव्हरनं सुमारे 103 मीटरच्या वाटेवर 23 ठिकाणी माती तपासली. त्याचा पेपर ऑगस्ट 2024 मध्ये 'नेचर'मध्ये आला, अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीच्या म्हणजे पीआरएलच्या नेतृत्वाखाली. तिथली माती जशी निघाली त्यावरून चंद्र सुरुवातीला वितळलेल्या खडकाचा समुद्र होता या कल्पनेला आधार मिळाला. हे काम अहमदाबादमध्ये बसून झालं. बहिणीच्या प्रश्नाचं हे एक उत्तर.

सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारनं चांद्रयान-4 ला 2104 कोटी आणि शुक्राच्या मोहिमेला 1236 कोटी मंजूर केले. शुक्राचं यान मार्च 2028 मध्ये सोडायचं ठरलंय. मार्च 2025 मध्ये जपानसोबतच्या चांद्रयान-5 ला मंजुरी मिळाली, त्यात 250 किलोचा रोव्हर असेल. प्रज्ञान 26 किलोचा होता, यावरून अंदाज घ्या. तारखा पुढे-मागे होतात, त्याचं फार मनाला लावून घेऊ नका. महत्त्वाचं हे की चांद्रयान-4 चंद्राची माती परत आणणार आहे. ती माती तपासायला जी माणसं लागतील ती आज बी.एस्सी.ला किंवा बारावीला असतील.

रस्ता आणि पैसे

घरच्यांचा पहिला प्रश्न पैशाचा असतो आणि तो चुकीचा नाही. पीएच.डी. करताना जेआरएफ मिळाली तर महिन्याला 37,000 रुपये मिळतात, वर घरभाडं वेगळं. दोन वर्षांनी एसआरएफ झालात की 42,000. हे दर जानेवारी 2023 पासूनचे आहेत. आमच्याकडे काकांना हा आकडा सांगितल्यावर चर्चेचा सूरच बदलला.

तिथपर्यंतचा रस्ता असा. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला जॅम परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी., जिऑलॉजी किंवा फिजिक्स. फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघतात, परीक्षा फेब्रुवारीत. जॅम नाही जमली तरी अमरावती आणि नागपूर विद्यापीठांत जिऑलॉजीचे विभाग आहेत, फी कमी, घर जवळ. मग सीएसआयआर नेट. त्यात एका विषयाच्या नावातच 'प्लॅनेटरी सायन्सेस' आहे, अर्थ सायन्ससोबत. नेट, गेट किंवा फिजिक्ससाठी जेस्ट यांच्या जोरावर पीआरएलसारख्या ठिकाणी इंटरव्ह्यूला जाता येतं. इंजिनिअरिंगवाल्यांनाही गेटमधून रस्ता आहे. मला हे तेव्हा कोणी सांगितलं नाही याचं थोडं वाईट वाटतं.

मधल्या काळात तीन विज्ञान अकादमींची मिळून उन्हाळी फेलोशिप असते. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम करायचं, अर्ज साधारण नोव्हेंबरपर्यंत. इस्रोच्या केंद्रांत इंटर्नशिप मिळते, त्याला 60 टक्के किंवा 6.32 सीजीपीए लागतो. आणि घरात कोणी नववीला असेल तर 'युविका' बघा. इस्रोचं दोन आठवड्यांचं शिबिर आहे, आणि निवडीत खेड्यातल्या शाळेला जास्तीचे गुण मिळतात. वरवटसारख्या गावात राहण्याचा फायदा पहिल्यांदाच दिसला!

4,999 रुपयांची चूक

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मी एका 'स्पेस इंटर्नशिप'ला 4,999 रुपये भरले होते. बाबांनी सोयाबीन विकून पाठवलेल्या पैशातले. जाहिरातीत रॉकेट होतं, तिरंगा होता. मिळालं काय? चार रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आणि एक रंगीत पीडीएफ. तो पीडीएफ आजवर कोणी विचारला नाही. सध्या इन्स्टाग्रामवर अशा जाहिरातींचा पूर आलाय. खऱ्या संस्थेच्या वेबसाइटचा शेवट बहुतेक वेळा 'जीओव्ही डॉट इन', 'आरईएस डॉट इन' किंवा 'एसी डॉट इन' असा असतो. इंटर्नशिपसाठी कोणी हजारोंनी फी मागत असेल तर तिथेच थांबा.

आणि शेतात उल्का पडली तर?

हसू नका. 22 मे 2012 ला नागपूरजवळ काटोलला भरदुपारी उल्का पडली, घरांवर आणि शेतांत तुकडे सापडले. त्याच उल्केत आयआयटी खरगपूरच्या शास्त्रज्ञांना ब्रिजमनाइट हे खनिज मिळालं. पृथ्वीच्या पोटात खूप खोल ते भरपूर आहे, पण वर हाती लागत नाही. 2021 मध्ये त्याचा पेपर आला.

असा काळी जळकी साल असलेला दगड पडताना दिसला तर धुवू नका आणि त्याला लोहचुंबक लावू नका. यूट्यूबवर सगळे चुंबकच लावून दाखवतात, पण त्यानं दगडातली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते. शेजारी एक नाणं ठेवून फोटो काढा, लोकेशन सेव्ह करा, स्वच्छ कागदात किंवा फॉइलमध्ये गुंडाळा आणि तहसील कार्यालयाला किंवा नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ऑफिसला कळवा. आपल्या देशात पडलेल्या उल्का सांभाळायची जबाबदारी त्याच खात्याची आहे.

बहिणीनं सध्या जॅमचे जुने पेपर डाउनलोड करून घेतलेत. बी.एड.चा विषय घरात अजून संपलेला नाही.