मध्यरात्रीचें सोनेगांव

आपलें शहर हिंदुस्थानच्या मध्यभागीं असल्याचा नागपूरकरांस मोठा अभिमान. झीरो माईलचा स्तंभ ते पाहुण्यांस आवर्जून दाखवितात. पण मध्य ही केवळ भूगोलाची देणगी. तिचें चीज माणसासच करावें लागतें. सोनेगांवच्या विमानतळाचा इतिहास हेंच सांगतो.

हा तळ पहिल्या महायुद्धाच्या अखेरचा; दुसऱ्या महायुद्धांत तो लष्करी विमानांचें विसाव्याचें ठिकाण झाला. त्याचें खरें भाग्य उजाडलें तें १९४९ सालच्या ३० जानेवारीस, आणि तेंही मध्यरात्रीं! त्या दिवसापासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून रोज रात्रीं एकेक डाकोटा विमान टपाल घेऊन निघूं लागलें. चारही विमानें सोनेगांवीं येत, थैल्यांची व उतारूंची अदलाबदल होई, आणि उजाडतां उजाडतां तीं आपापल्या शहरीं परतत. चार शहरांमधील परस्परांचे मार्ग सहा होतात. नागपूर मध्यें असल्यामुळें चार विमानांत काम भागे. त्याच वर्षीं एप्रिलपासून साध्या पत्रासही जादा आकार न पडतां विमान मिळूं लागलें. कलकत्त्यास सायंकाळीं टाकलेलें मुलाचें पत्र सकाळीं मुंबईस येऊं लागलें.

ही सोय धोक्यावांचून नव्हती. १२ डिसेंबर १९५३ रोजीं मद्रासकडे निघालेलें टपालविमान नागपुराहून उडतांच कोसळलें व १३ जण प्राणांस मुकले.

पुढें लांब पल्ल्याचीं, वेगवान विमानें आलीं. तीं थेट जाऊं लागलीं, आणि मध्यरात्रीचा तो मेळावा इतिहासजमा झाला. नागपूर होतें तेथेंच होतें; पण वाटेंत थांबण्याची गरज उरली नाहीं.

२००५ सालीं विमानतळास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव मिळालें. शेजारीं ‘मिहान’ची उभारणी झाली, शिवणगांवासारख्या गांवच्या शेतकऱ्यांनीं त्यासाठीं जमिनी गमावल्या, हें विसरतां कामा नये. २०१९ सालीं वर्धा मार्गानें मेट्रो धांवूं लागली. आज झीरो माईल व विमानतळ हीं एकाच मार्गावरचीं स्थानकें आहेत. २०२२ सालीं समृद्धी महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा टप्पा खुला झाला.

सोनेगांवच्या त्या रात्रीं देशाचें टपाल येथें उतरे, पण शहर मात्र झोपलेलें असे. आतां रस्ते व रुळ विमानतळास शहराशीं आणि विदर्भाशीं जोडीत आहेत. मार्गावरचें ठिकाण मार्ग बदलतांच ओस पडतें. ज्या ठिकाणीं माणसें कामासाठीं येतात, तें टिकतें. नागपूरकरांनीं अभिमान बाळगावा तो या दुसऱ्या गोष्टीचा.