टहाळ, हाडे आणि गोळी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

महाडच्या चवदार तळ्याचे नाव निघाले की आपल्याला पाणी आठवते. ते योग्यच आहे. मला मात्र आज त्या तळ्याच्या आसपासच्या मातीविषयी बोलायचे आहे. सावित्री आणि गांधारीच्या खोऱ्यांपासून वर पोलादपूरच्या डोंगरउतारांपर्यंत पसरलेली ही तांबडी माती, आणि तिच्यात पिकाला सहजी न मिळणारा एक घटक, स्फुरद. म्हणजे फॉस्फरस. खताच्या पोत्यावर जे तीन आकडे छापलेले असतात, त्यातला मधला आकडा याचा. नत्र शेतकऱ्याला चटकन कळते, कारण युरिया टाकला की आठवड्याच्या आत शेत हिरवेगार दिसते. स्फुरदाचे तसे नाही. ते कमी पडले तरी बोभाटा होत नाही. पीक मुकाट्याने खुरटते.

ते ओळखायचे कसे, हे आधी सांगतो. नत्र कमी पडलेले भात पिवळे पडते, रस्त्यावरून जाताना एसटीतूनही दिसते. स्फुरद कमी पडलेले भात उलट जास्त गडद दिसते. पान गर्द, निळसर हिरवे, पण त्यावर तजेला नाही. ते अरुंद आणि ताठ असते. बांधावरून पाहणाऱ्याला वाटते, रंग तर झकास आहे! पण खाचरात उतरून फुटवे मोजले की खरे काय ते कळते. शेजारच्या खाचरात एका चुडाला आठ-दहा फुटवे असतील, तर इथे दोन-तीन. रोप उपटले तर मुळांचा झुपका तोकडा. पुढे लोंबी उशिरा येते आणि तीही आखूड. हे सगळे आधी खालच्या जुन्या पानांवर दिसते, कारण वनस्पती जुन्या पानांतले स्फुरद काढून कोवळ्या पानांना पुरवते. घरात धान्य कमी असले की मोठी माणसे अर्धपोटी राहून मुलांच्या ताटात वाढतात, तसाच हा प्रकार. मक्याच्या पानांवर जांभळट झाक येते, ती तर शाळकरी मुलालाही दाखवता येईल. मात्र नुसत्या रंगावर जाऊ नये. थंडीने, मुळाशी पाणी तुंबल्यानेही पान जांभळे होते, आणि भाताच्या काही जातींचा तो मूळचाच रंग असतो.

आता गंमत अशी, की या तांबड्या मातीत स्फुरद मुळीच नाही असे नव्हे. इथे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. हजारो वर्षांच्या या पावसाने मातीतला चुना धुऊन खाडीला नेला, माती आंबट झाली, आणि मागे लोह व ॲल्युमिनियम यांचे प्रमाण वाढले. हे दोघे स्फुरदाला घट्ट धरून ठेवतात. सावकाराकडे गहाण पडलेल्या दागिन्यासारखी त्याची अवस्था होते. आहे आपलेच, पण अंगावर घालता येत नाही. खाचरात पाणी उभे राहिले की मातीतली हवा तुटते, लोहाचे रूप पालटते आणि थोडे स्फुरद मोकळे होते. म्हणून लावणीनंतर भात कसेबसे तग धरते. डोंगरउतारावरच्या नाचणी-वरीच्या वाट्याला हे सुखही येत नाही. आणि भाताचे रोप ज्या दाढीत वाढते तिथे पाणी साचलेले नसते. नेमके त्याच तीन आठवड्यांत कोवळ्या मुळाला स्फुरद सर्वांत जास्त हवे असते.

आपल्या वाडवडिलांना स्फुरद हा शब्द ठाऊक नव्हता. पण दाढीतल्या रोपाला काहीतरी द्यावे लागते, नाहीतर ते धरत नाही, हे त्यांना पक्के माहीत होते. त्यासाठी त्यांनी राब काढला. रोपाच्या तुकड्यावर शेण पसरायचे, त्यावर झाडांचा तोडून वाळवलेला टहाळ, मग पालापाचोळा आणि गवत, वरून मातीचा पातळ थर. चैत्र-वैशाखात वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचे, म्हणजे ते भडकत नाही, सावकाश धुमसते. याला दाढ भाजणे म्हणतात. तुकडा लहान, लावणीच्या क्षेत्राच्या साधारण दहावा हिस्सा, पण त्याच्यासाठी टहाळ येतो बऱ्याच मोठ्या डोंगरावरून. झाडे खोलवरच्या मुळांनी जे स्फुरद आणि पालाश वर आणतात, ते अशा रीतीने एका गुंठ्यात गोळा होते. म्हणूनच या भागात भातजमिनीच्या जोडीला वरकस जमीन लागे. एकीवाचून दुसरी पिकत नसे.

इंग्रज सरकारला हे मान्य नव्हते. १८७८च्या कायद्यानंतर राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्या आणि टहाळ तोडणारा शेतकरी गुन्हेगार ठरू लागला. तेव्हाचा कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, आणि ठाणे या जिल्ह्यांतून एवढी ओरड झाली की १८८५ साली सरकारला एक जंगल चौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७मध्ये आला. राब हा त्या वादाच्या केंद्रस्थानी होता. जंगल खात्याचा आक्षेप असा, की ही लाकडाची नासाडी आहे, अडाण्यांची खोड आहे. शेतकऱ्यांचे म्हणणे एवढेच, की राबाशिवाय रोप येत नाही, आणि रोप आले नाही तर सारा कशातून भरायचा?

याच सुमारास, १८८३ साली, महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात एक विचार आहे, त्याच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. डोंगरावरचा पालापाचोळा आणि मेलेल्या जनावरांच्या हाडामांसाचा कुजलेला अंश पावसाच्या पाण्याबरोबर शेतात उतरतो, जमिनीचा कस त्यावर टिकतो, आणि तो वाहून जाऊ नये म्हणून जागोजाग ताली-बंधारे घालावेत, असे ते सांगतात. पाला आणि हाडे यांचा एका दमात उल्लेख त्यांनी केला आहे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत न जाता! जंगल खात्याने गावाचे डोंगर तोडून घेतले याचा अर्थ त्यांच्या लेखी मातीचे अन्न तोडले असा होता.

पुढे १८८९मध्ये डॉ. व्होएल्कर हे रसायनशास्त्रज्ञ हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करायला आले. १८९३च्या त्यांच्या अहवालात राबाची बारकाईने चर्चा आहे. आणि १९१२ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर राबावर स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध केला. राबाचा गुण नुसत्या राखेत नाही, जमीन तापण्यातही आहे, हे त्यांनी प्रयोग करून दाखवले. राख मातीचा आंबटपणा थोडा कमी करते, ताप मातीत अडकलेले अन्न मोकळे करतो, आणि तणाचे बी जळते ते वेगळेच. अडाण्यांची खोड म्हणून हिणवलेल्या गोष्टीला शास्त्राचा दाखला मिळायला तीसेक वर्षे लागली. याचा अर्थ राब आजही जाळावा असा नाही. डोंगर उघडे पडले आहेत, धूर होतो, शेण वाया जाते. पण ज्यांनी तो शोधून काढला त्यांना मूर्ख म्हणण्याचा अधिकार कोणालाच नव्हता, एवढे नक्की.

फुल्यांनी पाल्याबरोबर हाडांचे नाव घेतले होते, त्या हाडांकडे आता येतो. १६६९ साली हॅम्बुर्गच्या हेनिंग ब्रांट नावाच्या किमयागाराने मूत्र आटवून आटवून अंधारात चमकणारा पदार्थ मिळवला, तोच फॉस्फरस. त्याला सोने हवे होते! हाड म्हणजे मुख्यतः चुना आणि स्फुरद हे पुढे समजले, आणि एकोणिसाव्या शतकात युरोपात हाडांसाठी धावाधाव सुरू झाली. इंग्रज लोक युरोपातल्या रणभूमी उकरून हाडे नेतात, असा जळजळीत आरोप जर्मन शास्त्रज्ञ लीबिग याने केला होता. इंग्लंडात जॉन लॉज याने १८४२ साली हाडांवर आणि फॉस्फेटच्या दगडावर गंधकाम्ल ओतून सुपर फॉस्फेट बनवण्याचे पेटंट घेतले. आणि हिंदुस्थानातली हाडे? ती गावोगावच्या माळांवरून वेचली जाऊन बंदरांतून परदेशी रवाना होत. ज्या मातीला स्फुरदाची भूक, तिचेच स्फुरद दुसऱ्यांच्या शेतात चालले होते, आणि व्होएल्कर यांनी या निर्यातीची दखल घेतली आहे.

आपल्या शेतकऱ्यांनी हाडे शेतात का घातली नाहीत? इथे उत्तर रसायनशास्त्रात सापडत नाही. मेलेले जनावर ओढायचे, सोलायचे, त्याच्या हाडांना हात लावायचा, हे काम गावाने महार समाजाच्या माथी मारले होते, आणि ते करतात म्हणून पुन्हा त्यांनाच विटाळ. मालकाच्या गोठ्यातले जनावर मेले की मालकाचा त्याच्याशी संबंध संपे. जुन्या शेतीत काहीच वाया जात नसे, सगळे मातीला परत जाई, असे आपण कौतुकाने बोलतो. ते परत नेणारे हात कोणाचे आणि कोणत्या सक्तीने, हे सांगायचे मात्र राहून जाते.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. दुसऱ्या दिवशी सगळे जण मिरवणुकीने चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्याच परिषदेने मृतमांस खाण्याविरुद्ध ठाम भूमिका घेतली, आणि सवर्णांनी आपली मेलेली जनावरे आपणच पुरावीत असे आवाहनही केले, याची आठवण कमी लोकांना असते. यानंतर गावोगाव महारांनी ढोरे ओढणे बंद केले. १९५६च्या ऑक्टोबरमध्ये नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्या काळातला एक वाद सांगितला आहे. ‘केसरी’तून काही पत्रलेखकांनी कातडी, शिंगे, खूर, हाडे यांचा हिशेब मांडून, हे काम सोडल्याने अस्पृश्यांचे वर्षाला किती नुकसान होते ते दाखवले होते. बाबासाहेबांच्या उत्तराचा आशय असा, की एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या.

मला या उत्तरात शेतीशास्त्रही दिसते. परिषदेने सांगितले तसे मालकाने आपले जनावर आपल्याच जमिनीत पुरले असते, तर त्याच्या सांगाड्यातले स्फुरद त्याच्याच नाचणीला मिळाले असते. आंबट जमिनीत हाडांची भुकटी हळूहळू विरघळते, म्हणजे कोकणात ती चांगलीच लागू पडली असती. चुनखडीच्या जमिनीत तिचा तेवढा उपयोग नाही. पण माणसांना विटाळापुढे स्वतःचा फायदाही दिसत नाही.

त्यानंतरची कहाणी पोत्यांची. हिंदुस्थानात सुपर फॉस्फेटचा पहिला कारखाना १९०६मध्ये मद्रासकडे राणीपेटला निघाला. आपल्याकडे अंबरनाथला धरमसी मोरारजी कंपनीचे सुपर फॉस्फेट होऊ लागले, पुढे तुर्भ्याहून सुफला आला. या खतांसाठी लागणारा फॉस्फेटचा दगड थोडा उदयपूरजवळच्या झामरकोटड्याचा, बाकी बराचसा मोरोक्को-जॉर्डनसारख्या देशांतून जहाजाने येणारा. म्हणजे एके काळी आपली हाडे बाहेर जात, आता बाहेरचा दगड आत येतो.

पोते आले म्हणून मातीचा स्वभाव बदलला नाही. स्फुरद मातीत जेमतेम काही मिलिमीटर सरकते. त्यामुळे उभ्या पिकावर वरून फोकलेले सुपर फॉस्फेट मुळापर्यंत पोचतच नाही, वरच्या वर लोहाच्या ताब्यात जाते. ते चिखलणीच्या वेळी मातीत मिसळावे, नाचणीला पेरणी-लावणीच्या आधी ओळीत द्यावे. शेणखताबरोबर मिसळून दिले तर ते कमी अडकते. स्फुरद विरघळवणारे जिवाणू मिळतात, त्यात रोपांची मुळे बुडवून लावणी करता येते. आणि आधी माती तपासून घ्यावी. उन्हाळ्यात, दाढ करण्यापूर्वी, खाचरात पाच-सहा ठिकाणची वीतभर खोलीची माती एकत्र करून प्रयोगशाळेत द्यायची. कोकणातल्या आंबट मातीला ब्रे यांची पद्धत लागते, देशावरच्या काळ्या जमिनीची ओल्सन पद्धत नव्हे. अहवाल हातात आला की तेवढे एक विचारून घ्या. दरवर्षी डोळे झाकून डीएपी टाकत राहिले, तर स्फुरद साठते आणि भाताला जस्त मिळेनासे होते. तेही होऊ नये.

कोकणातल्या भातासाठी सर्वांत नेमका उपाय काढला तो डॉ. नारायण सावंत यांनी. त्यांच्या चारसूत्री पद्धतीत भाताच्या तुसाची राख दाढीला द्यायची, गिरीपुष्पाचा पाला चिखलात गाडायचा, चूड आखून ठरावीक अंतरावर लावायचे, आणि युरिया-डीएपीची गोळी हाताने खोल खोचायची. राख आणि पाला दोन्ही आहेत, फक्त त्यासाठी डोंगर तोडावा लागत नाही. गिरीपुष्प बांधावरच वाढते. गोळी २.७ ग्रॅमची. चार चुडांच्या मधोमध एक, सात ते दहा सेंटिमीटर खोल. मुळांच्या कुशीतच ती बसते, त्यामुळे पावसाच्या लोंढ्याबरोबर वाहून जात नाही आणि स्फुरद इकडेतिकडे न अडकता मुळाला मिळते.

ही पद्धत मला मनापासून पटते. शेतावर गेल्यावर मात्र एक हिशेब डोळ्यांसमोर येतो. हेक्टरी ६२,५०० गोळ्या, म्हणजे गुंठ्याला सव्वासहाशेच्या घरात. लावणीच्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, पाठीवर पाऊस घेत, कमरेत वाकून एकेक गोळी चिखलात दाबावी लागते. हे काम बहुतेक ठिकाणी बायकाच करतात, आणि मजुरी ठरवताना गोळ्यांचे वेगळे पैसे धरायचे की लावणीतच ते आले समजायचे, यावर बांधाबांधावर अजून घासाघीस चालते.