खालून फेकलेला चेंडू : फास्टपिच सॉफ्टबॉल, कंबरेचे वळण आणि एका समजुतीचा इतिहास

बेसबॉलमध्ये पिचर चेंडू खांद्याच्या वरून फेकतो, सॉफ्टबॉलमध्ये तो खालून फेकावा लागतो. खालून फेकणे ही हाताची नैसर्गिक हालचाल आहे, त्यामुळे तिने इजा होत नाही, अशी समजूत अनेक दशके प्रचलित होती. तिच्यामुळे एकच मुलगी सलग अनेक सामने पिचिंग करते, यात कुणाला फारसे वावगे वाटले नाही. ही समजूत कशी रुजली, मोजमापाने ती कशी मोडली आणि या सगळ्यात कंबरेच्या वळणाचे स्थान काय, हे आपण या टिपणात पाहू.

१. संथ खेळ वेगवान कसा झाला

सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ मध्ये शिकागोच्या फॅरागट बोट क्लबमध्ये झाला. जॉर्ज हॅनकॉक यांनी बॉक्सिंगचा हातमोजा बांधून त्याचा चेंडू केला आणि झाडूचा दांडा बॅट म्हणून वापरला. हा खेळ बंद सभागृहात खेळायचा होता. जागा लहान, चेंडू मोठा आणि फेक खालून, अशी त्याची रचना होती. 'सॉफ्टबॉल' हे नाव १९२६ मध्ये वॉल्टर हॅकॅन्सन यांनी सुचवले. १९३३ मध्ये अमेरिकेत अमॅच्युअर सॉफ्टबॉल असोसिएशन स्थापन झाली.

खालून फेकण्याच्या नियमामुळे चेंडू संथ राहील असे वाटत होते. पिचरांनी मात्र नियम न मोडता वेग मिळवला. त्याच्या दोन पद्धती होत्या. 'स्लिंगशॉट' पद्धतीत हात गोफणीसारखा मागे नेऊन झटक्यात पुढे आणतात, तर 'विंडमिल' पद्धतीत तो पवनचक्कीच्या पात्यासारखा पूर्ण वर्तुळात फिरवतात. स्लिंगशॉट पद्धतीने फेकणाऱ्या जोन जॉइस यांनी १९६० च्या दशकात एका प्रदर्शनीय सामन्यात बेसबॉलचा महान फलंदाज टेड विल्यम्स याला बाद केले होते. पुढे महिलांच्या खेळात विंडमिल पद्धत सर्वत्र पसरली. पिचरांचे वर्चस्व इतके वाढले की अमेरिकी महाविद्यालयीन सामन्यांत पिचिंगचे अंतर ४० फुटांवरून ४३ फूट करावे लागले. फलंदाजाला दिलासा देण्यासाठी नियम बदलला, पण पिचरच्या खांद्याचा विचार तेव्हाही झाला नाही.

२. खांद्यावर किती ओढ पडते

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी एक ढोबळ गणित करून पाहावे. चेंडूचे वस्तुमान ०.१९ किलोग्रॅम, वेग सेकंदाला २७ मीटर (ताशी सुमारे ९७ किलोमीटर) आणि वर्तुळाची त्रिज्या ०.६५ मीटर धरू. अभिकेंद्री बल म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले त्रिज्या. उत्तर सुमारे २१३ न्यूटन येते. म्हणजे दोनशे ग्रॅमहून हलका चेंडू सुटण्याच्या क्षणी हाताला जवळजवळ २२ किलो वजनाइतका ओढतो. यात हाताचे स्वतःचे वस्तुमान धरलेलेच नाही.

प्रत्यक्ष मोजमापे उशिरा आली. १९९२ मध्ये लूसली आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या आघाडीच्या महाविद्यालयीन संघांमधील २४ महिला पिचरांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी २० जणींना मिळून २६ दुखापती झाल्या होत्या. १९९८ मध्ये बॅरेंटाइन, फ्लायसिग आणि सहकाऱ्यांनी आठ पिचरांच्या हालचालींचे वेगवान कॅमेऱ्यांनी विश्लेषण केले. सांधा जागेवर धरून ठेवण्यासाठी खांद्याला आणि कोपराला शरीराच्या वजनाच्या ७० ते ९८ टक्के इतके बल लावावे लागते, असे त्यात आढळले. २००९ मधील एका अभ्यासात दिसले की दंडाचा पुढचा स्नायू, म्हणजे बायसेप्स, वरून फेकण्यापेक्षा विंडमिल फेकीत जास्त राबतो. खांद्याच्या पुढच्या भागात दुखते अशी पिचरांची तक्रार जुनी होती. आता तिच्यामागचे एक संभाव्य कारण हाती आले.

३. 'दार आपटा' ही शिकवण

एवढा वेग एकटा हात निर्माण करत नाही. पाय जमिनीला रेटतात, तो जोर कंबरेत येतो, कंबरेतून धडात, धडातून खांद्यात आणि शेवटी मनगटात जातो. याला गतिशृंखला म्हणतात. उजव्या हाताची पिचर पुढे झेपावताना तिची कंबर तिसऱ्या बेसकडे वळलेली, म्हणजे 'उघडी' असते. पुढचा पाय टेकतो आणि ब्रेकसारखे काम करतो. मग कंबर फलंदाजाच्या दिशेने वळू लागते.

येथेच प्रशिक्षणातला जुना वाद आहे. अनेक प्रशिक्षक 'दार आपटा' असे शिकवत आले. चेंडू सुटतानाच कंबर जोराने पूर्ण बंद करा, असा त्याचा अर्थ. नुसत्या डोळ्यांना फेकीचा शेवट दिसतो आणि शेवटी कंबर बंद झालेली असते, म्हणून ही सूचना बरोबर वाटली. हळू गतीच्या चित्रणात मात्र वेगळे दिसते. चांगल्या पिचरांची कंबर चेंडू सुटताना अंशतः उघडीच असते आणि त्यानंतर ती बंद होते. कंबर आधीच बंद झाली तर हाताच्या वाटेत नितंब येतो. मग कोपर बाहेर ढकलले जाते आणि उरलेला वेग खांद्याला एकट्याने ओढून आणावा लागतो. पुढे ऑबर्न विद्यापीठात ग्रेचेन ऑलिव्हर आणि सहकाऱ्यांनी नितंबाच्या स्नायूंचा अभ्यास करून कंबर सावरण्यातले त्यांचे महत्त्व दाखवले. त्यामुळे खांद्याच्या काळजीत पाय आणि कंबर यांच्या व्यायामाला जागा मिळाली.

४. तंत्र आणि विश्रांती

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनो यांनी दोन दिवसांत तीन सामन्यांत ४१३ चेंडू टाकले आणि अंतिम सामन्यात अमेरिकेला हरवले. ही कामगिरी थोर आहेच. पण ती कसलेल्या प्रौढ खेळाडूची आहे, चौदा वर्षांच्या मुलीसाठी ती मोजपट्टी होऊ शकत नाही. लिटल लीग बेसबॉलने २००७ मध्ये पिचरच्या चेंडूंवर मर्यादा घातली. शालेय आणि महाविद्यालयीन सॉफ्टबॉलमध्ये तशी सार्वत्रिक चेंडूमोजणी रुजली नाही. जुनी समजूत प्रयोगशाळेत मोडली असली, तरी वेळापत्रकात ती अजून शिल्लक आहे.

कंबरेचे योग्य वळण खांद्यावरचा भार वाटून घेते, पण थकवा नाहीसा करत नाही. पाय आणि कंबर थकले की तोच भार पुन्हा खांद्याकडे येतो. आपल्याकडे आंतरविद्यापीठ सॉफ्टबॉल स्पर्धा होतात. तिथे संघासोबत जाणाऱ्या प्रत्येकाने निदान एक वही ठेवावी आणि कोणी किती चेंडू टाकले ते लिहावे. बायसेप्सचा अभ्यास करायला प्रयोगशाळा लागते, चेंडू मोजायला लागत नाही.

विचारासाठी प्रश्न

१. एखादी हालचाल 'नैसर्गिक' आहे म्हणून ती निर्धोक ठरते का? या टिपणाच्या आधारे उत्तर लिहा.
२. वरील गणितात वेग १० टक्क्यांनी वाढवला तर बल किती टक्क्यांनी वाढेल?
३. डोळ्यांना दिसलेला फेकीचा शेवट प्रशिक्षणाची सूचना कसा बनला? तुमच्या खेळातील असे दुसरे उदाहरण शोधा.