वंगणाचा दिवा

मोटारसायकलीची किल्ली फिरविली म्हणजे इंजिन सुरू होण्यापूर्वीं समोरच्या तबकडींत दोन-तीन लहान दिवे उजळतात. त्यांपैकीं एक तांबडा असतो. त्यावर तेलाच्या झारीची आकृति असून तिच्या चोंचींतून एक थेंब गळतांना दाखविलेला असतो. मुलांना ती अल्लाउद्दिनच्या दिव्यासारखी वाटते. आपल्याकडील लहान गाड्यांपैकीं पुष्कळांना हा दिवा नसतो. मोठ्या गाड्यांना बहुधा असतो. इंजिन सुरू झालें कीं एक-दोन क्षणांत तो मालवतो, आणि मालवला म्हणजे चालक त्याला विसरून जातो. ह्या एवढ्याशा दिव्यामागें जवळजवळ दीडशें वर्षांची खटपट आहे. तीच आज आपल्यापुढें मांडण्याचा विचार आहे. मी कांहीं यंत्रशास्त्रज्ञ नव्हें. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, खेड्यांतील मुलांना इतिहास-भूगोल सांगून निवृत्त झालेला शाळामास्तर. पुष्कळ वर्षें मोटारसायकलीवरून शाळेस जातां-येतां ह्या विषयाचा नाद लागला, एवढाच माझा अधिकार.

वंगण ही वस्तु आपल्याला नवी नाहीं. आंसाला वंगण घातल्यावांचून पूर्वींचा गाडीवान लांबच्या वाटेस लागत नसे. गाडीखालीं टांगलेलें वंगणाचें बांबूचें नळकांडें मी लहानपणीं पाहिलें आहे. चाक कुरकुरूं लागलें कीं गाडी थांबवावयाची, आणि नळकांड्यांतील काळें वंगण आंसाला चोपडून पुन्हां चालू लागावयाचें. त्या गाडीचें हें एक मोठें सुख होतें, कीं तहान लागली म्हणजे चाक स्वतःच ओरडे. वाफेचीं यंत्रें आलीं तेव्हां हें सुख संपलें. त्यांच्या अंतर्भागीं तेल पोंचविण्यासाठीं तीं मधून मधून थांबवावीं लागत. अमेरिकेंत एलायजा मॅककॉय ह्या गृहस्थानें चालत्या यंत्राला आपोआप तेल पुरविणारी युक्ति काढून १८७२ सालीं तिचें पेटंट मिळविलें. हा मॅककॉय गुलामींतून पळून कानडांत गेलेल्या आईबापांचा मुलगा. स्कॉटलंडमध्यें एंजिनियरिंग शिकून आला, तरी काळ्या वर्णामुळें त्याला रेल्वेंत कोळसा घालण्याची व तेल देण्याचीच नोकरी मिळाली. त्या नोकरींतच त्याला हें सुचलें.

परंतु तेलानें नेमकें काय घडतें, हें तोंवर कोणालाच नीट उमगलेलें नव्हतें. तेल बुळबुळीत असतें म्हणून घर्षण कमी होतें, एवढीच समजूत होती. ती समजूत बदलली ती १८८३ सालीं, इंग्लंडांत, बोशॅम टॉवर नांवाच्या एंजिनियराच्या हातून. आंस व त्याला आधार देणारें धातूचें कवच, ज्याला आपले कारागीर बेअरिंग म्हणतात, ह्यांमधील घर्षण मोजण्याचें काम त्यांच्याकडे होतें. तेल सोडण्याच्या सोईसाठीं त्यांनीं त्या कवचाच्या माथ्यावर एक भोंक पाडलें. यंत्र पुन्हां चालू करतांच त्या भोंकांतून तेल आंत जाण्याऐवजीं वर येऊन बाहेर वाहूं लागलें. भोंकाला बूच बसविलें, तें उडालें. लांकडी खुंटी ठोकली, तीहि वर ढकलली गेली. शेवटीं तेथें दाबमापक जोडला, तेव्हां कांटा चौरस इंचास दोनशें पौंडांच्याहि पलीकडे गेला; आणि आंसावरचा सरासरी भार तर चौरस इंचास शंभर पौंडच होता!

मला ह्या हकीकतीचें नेहमीं नवल वाटतें. उडालेलें बूच पुन्हां घट्ट ठोकून गप्प बसणारे पुष्कळ असतात. तें कां उडालें, असें विचारणारा विरळा. १८८६ सालीं ऑस्बर्न रेनॉल्ड्स ह्या प्राध्यापकानें त्याचें गणित मांडलें. फिरणारा आंस आपल्याबरोबर तेल ओढून अरुंद फटींत पाचरेसारखें घुसवितो, त्या पाचरेंत दाब निर्माण होतो, आणि त्या दाबावर आंस उचलला जातो. म्हणजे नीट चाललेल्या यंत्रांत धातु धातूला शिवतच नाहीं. मध्यें तेलाचा पापुद्रा असतो, केसाहून कितीतरी पातळ, आणि सगळें ओझें त्याच्या पाठीवर असतें. तो फाटला कीं लोखंडाला लोखंड भिडतें, उष्णता वाढते, आणि कांहीं क्षणांत दोन्हीं एकमेकांना चिकटून बसतात. इंजिन ‘जॅम’ झालें, असें आपण म्हणतों तें हेंच.

ह्याच दोन वर्षांच्या मध्यें, १८८५ सालीं, जर्मनींत कानस्टाट येथें गोटलीब डाइम्लर व विल्हेल्म मायबाख ह्यांनीं लांकडी सांगाड्यावर पेट्रोलचें इंजिन बसवून पहिली मोटारसायकल चालती केली. तिची शक्ति अवघी अर्ध्या अश्वाची, आणि इंजिन मिनिटास सुमारें सहाशें फेरे घेई. आजचें साधें इंजिनहि सहा हजार फेऱ्यांवर सहज जातें. सहा हजार म्हणजे सेकंदास शंभर. त्या फेऱ्यांबरोबर तेलाची गरज कशी वाढत गेली असेल, ह्याचा अंदाज श्रोत्यांनीं करावा.

पहिल्या पिढींतील मोटारसायकलींत तेल फिरून परत येत नसे. पेट्रोलच्या टाकीशेजारीं तेलाचा एक कप्पा असे व त्यावर हातपंप. कांहीं मैल गेलें कीं स्वारानें दांडा दाबून एक पिचकारी इंजिनांत सोडावयाची. तें तेल कांहीं जळे, कांहीं रस्त्यावर गळे, आणि संपे. चढ लागला तर एक पिचकारी जास्त. प्रमाण बरोबर आहे कीं नाहीं हें कळावें कशावरून? तर मागें वळून धुराकडे पाहून! किंचित् निळसर धूर दिसला कीं ठीक. धूर दाट झाला तर तेल अधिक झालें. मुळींच दिसेनासा झाला तर जिवावर बेतणार. म्हणजे इशारा होता, पण तो पाठीमागें होता, आणि पाहण्याचें काम सर्वस्वीं स्वाराचें होतें. पुढें यंत्रानें चालणारे पंप आले व त्यांवर कांचेची लहानशी खिडकी आली. त्या खिडकींतून मिनिटास किती थेंब पडतात तें मोजून स्वार खिळा फिरवी.

येथें आपल्या एरंडेलाची आठवण काढणें प्राप्त आहे. इंग्लंडांतील चार्ल्स वेकफील्ड ह्यांच्या कंपनीनें १९०९ सालीं ‘कॅस्ट्रॉल’ हें नांव रूढ केलें, तें इंग्रजींतील एरंडेलाच्या नांवावरूनच. खनिज तेल तापलें कीं पातळ होऊन पापुद्रा सोडी. एरंडेल मात्र तापूनहि चिकटून राही, म्हणून शर्यतीच्या गाड्यांना तेंच आवडे. १९१४ च्या महायुद्धांतील कित्येक विमानांचीं फिरतीं इंजिनें एरंडेलावरच चालत. त्याचे फवारे वैमानिकाच्या नाकातोंडांत जात आणि पोटावर व्हावयाचा तो परिणाम होई. एरंडेलाचा दोष असा कीं तें कालांतरानें डिंकासारखें घट्ट होऊन आंत बसतें. म्हणून रोजच्या गाडीला खनिज तेलच सोईचें ठरलें. १९११ सालीं अमेरिकेंतील मोटार-एंजिनियरांच्या संस्थेनें तेलाच्या दाटपणाचे आंकडे ठरविले. डब्यावर आपण ‘एस्. ए. ई.’ हीं अक्षरें वाचतों, तीं त्याच संस्थेचीं.

तेल वाया न घालवितां तेंच तें फिरवावें, ही पद्धति मोटारसायकलींत हळूहळू स्थिरावली. एक पंप टाकींतून तेल आंत ढकली, दुसरा तें तळांतून उपसून टाकींत परत पाठवी. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश सैन्यानें वापरलेल्या बी. एस्. ए. व नॉर्टन गाड्या ह्याच जातीच्या. त्यांच्या स्वारांची एक संवय फार उत्तम होती. इंजिन सुरू केल्यावर टाकीचें झाकण उघडून, परत येणारी तेलाची धार डोळ्यांनीं पाहावयाची, आणि मगच निघावयाचें. दिवा नव्हता, पण धार दिसत होती.

नंतर दाब दाखविणारा कांटा आला. १९३७ सालच्या ट्रायंफ कंपनीच्या ‘स्पीड ट्विन’ गाडीवर तो पेट्रोलच्या टाकीच्या माथ्यावर बसविलेला होता. १९४९ सालीं तिचें हँडल व दिवा ह्यांची ठेवण बदलली तेव्हां कांटा गेला, व त्याच्या जागीं इंजिनाच्या बाजूस एक लहान बोंडी आली. दाब असेल तर ती बाहेर येई, नसेल तर आंत जाई. खालीं वांकून ती पाहावयाची. १९६९ सालीं जपानच्या होंडा कंपनीची चार सिलिंडरांची ‘सी. बी. ७५०’ बाजारांत आली. तिच्या तबकडींत तेलाचा तांबडा दिवा होता. मोटारगाड्यांत तो पूर्वींच आलेला होता. आतां तो दोन चाकांवरहि रुळला. कांट्यापेक्षां दिवा स्वस्त, आणि वाचावयास सोपा. पण कांटा दाब उतरूं लागला कीं आधींपासून सांगे; दिवा अगदीं शेवटीं सांगतो. सुधारणा म्हणावी तर ती अशी अर्धवट आहे.

त्याची रचना साधी आहे. तेलाच्या वाटेवर एक बटण असतें. त्यांत एक पातळ पडदा व एक स्प्रिंग. दाब नसला म्हणजे स्प्रिंगच्या जोरानें विजेचें वर्तुळ पुरें होतें व दिवा लागतो. तेलाचा दाब आला कीं पडदा उचलला जातो, वर्तुळ तुटतें व दिवा मालवतो. हें बटण अगदीं थोड्या दाबावर बसविलेलें असतें. म्हणून दिवा मालवलेला आहे, ह्याचा अर्थ तेल पुरेसें आहे असा नाहीं. तें स्वच्छ आहे असा तर मुळींच नाहीं. चालत्या गाडींत दिवा लागला तर मात्र अर्थ एकच: ताबडतोब इंजिन बंद करावें. कारण तेल कमी असेल, जाळी तुंबली असेल, पंप झिजला असेल किंवा बटणच बिघडलें असेल. तें शोधणें मागाहून. आणि आणखी एक गोष्ट. किल्ली फिरविल्यावर, इंजिन सुरू होण्याआधीं, दिवा लागलाच पाहिजे. तो न लागणें हाहि इशाराच आहे.

ही शेवटची गोष्ट मी पुस्तकांतून शिकलों होतों, आणि तरीहि एकदां गप्प राहिलों. २०१२ सालची हकीकत आहे. माझा एक जुना विद्यार्थी पांचगणीच्या हॉटेलांना दूध घालीत असे. त्यानें जुनी, मोठ्या इंजिनाची एक मोटारसायकल घेतली होती. वाईहून त्याच्या मागें बसून मी पसरणीचा घाट चढत होतों. निघतांना त्यानें किल्ली फिरविली. तेलाचा दिवा लागला नाहीं. मी पाहिलें. बोलावेंसें वाटलें. पण आपल्याच विद्यार्थ्याच्या नव्या गाडीला लोकांसमोर नांव काय ठेवावयाचें, अशा संकोचानें मी तोंड उघडलें नाहीं. घाटाच्या मध्यावर इंजिनांतून ठकठक ऐकूं आली, आणि दुसऱ्या वळणावर मागचें चाक एकदम बसलें. आम्ही डोंगराच्या बाजूला पडलों, म्हणून खरचटण्यावर निभावलें. दुधाचे कॅन दरींत गेले.

मी विचारलें, “अरे, तेलाचा दिवा लागत नाहीं कां?”

“लागायचा गुरुजी, सारखाच लागायचा. कारागीर म्हणाला, बटण खोटं आहे. त्यानं वायरच काढून ठेवली.”

इंजिन दुसरीकडे उघडलें तेव्हां सगळें उमगलें. मागच्या दुरुस्तींत सांध्यांना लावलेला गोंद अंमळ जास्त झाला होता. त्याचे तुकडे सुटून तळाच्या जाळींत अडकले होते व पंपाला तेल मिळत नव्हतें. दिवा खोटा नव्हता. कित्येक दिवस तो खरें तेंच सांगत होता. ज्यानें वायर काढली त्याचें नांव मी घेणार नाहीं, कारण ती काढलेली असतांना पाहून गप्प बसणाऱ्यांत मीहि होतों. दुरुस्तीचा खर्च भागविण्यासाठीं त्या मुलाला गाभण कालवड विकावी लागली. पुढचे दोन महिने तो एस्. टी. नें कॅन नेत होता, आणि तेवढ्यांत दोन हॉटेलांनीं दुसरा गवळी पाहिला.

नंतर एका रविवारीं त्याच्या अंगणांत बसून मी त्याला मला ठाऊक होतें तेवढें दाखविलें. गाडी सपाट जागीं सरळ उभी करावी. पट्टी पुसून घालावी, काढावी, आणि तेल दोन खुणांच्या मध्यें आहे कीं नाहीं पाहावें. ती वाचण्याची रीत प्रत्येक गाडीच्या पुस्तकांत दिलेली असते. कोठें इंजिन थंड असतांना, कोठें गरम करून थोडें थांबल्यावर. वरच्या खुणेपलीकडे भरणेंहि वाईट. तेल बदलतांना इंजिन कोमट असावें, म्हणजे गाळ तेलाबरोबर उतरतो. जाळी धुवावी. गाळणी असेल तर तीहि पुस्तकांत सांगितलेल्या वेळीं बदलावी. निचऱ्याच्या खिळ्याला धातूची चकाकणारी कूस लागलेली आहे का तें बोटानें पाहावें. वापरलेलें तेल ओढ्यांत ओतूं नये. लहान गाडींत सारें तेल एका लिटरच्या आसपास असतें. त्यांतलें पावशेर जळालें तर उरलेल्यावर किती ताण पडतो, हें हिशेबाच्या मुलालाहि कळेल. पेट्रोलबरोबर तेल मिसळून चालणाऱ्या जुन्या दुधक्की गाड्यांत हा प्रश्न नव्हता; पंपावर लिटरामागें मोजून तेल घातलें कीं काम झालें. २००० सालानंतर प्रदूषणाच्या नियमांनीं त्या हळूहळू गेल्या आणि चौधक्की गाड्या घरोघर आल्या, पण पुष्कळांची जुनी संवय तशीच राहिली. पेट्रोल भरलें म्हणजे सगळें भरलें, असें त्यांना वाटतें.

त्यानें मन लावून ऐकलें. शेवटीं घरांतून खडूचा तुकडा आणून गोठ्याच्या दाराशेजारीं भिंतीवर तारीख व मैलदर्शकावरचा आंकडा लिहिला, आणि त्याखालीं लिहिलें, ‘तेल बदललें, वायर जोडली.’ गेल्या दिवाळींत मी तिकडे गेलों होतों. ती गाडी आतां त्याचा मुलगा चालवितो. भिंतीवर नोंदींची रांग छपरापर्यंत गेलेली आहे, आणि दुसरी रांग खिडकीखालून सुरू झाली आहे.