झिरपणारे पाणी नितळ की गढूळ? मातीच्या धरणांचा इतिहास, अकोटच्या पायथ्यापासून

१/ अकोटहून नरनाळ्याला जाणारा रस्ता पोपटखेडवरून सातपुड्याच्या पायथ्याला भिडतो. वर गडावर १४८७ सालचा महाकाली दरवाजा आणि शक्कर तलाव, खाली पोपटखेडचे मातीचे धरण. गडाचा इतिहास पुष्कळांना ठाऊक असतो. मातीच्या धरणालाही इतिहास असतो आणि त्यातील महत्त्वाचे धडे दुर्घटनांनी शिकवलेले आहेत. त्याचाच हा धागा.

२/ नरनाळ्यावर राहायचे तर पावसाचे पाणी साठवणे भाग होते, म्हणून गडावर तलाव खोदले गेले. खाली सपाटीवर अडचण वेगळी होती. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथे विहीर खोदली तरी पाणी खारे लागते. अकोट तालुक्यातील कित्येक गावे या पट्ट्यात येतात.

३/ तरीही वऱ्हाडात धरणे उशिरा आली. येथील काळी माती ओल दीर्घकाळ धरून ठेवते, कापूस आणि ज्वारी पावसावर येतात. त्यामुळे ब्रिटिश अमदानीत येथे मोठे कालवे झाले नाहीत. सातपुड्यातून उतरणारे प्रवाह पायथ्याशी अडवण्याचे काम मुख्यतः स्वातंत्र्यानंतरचे. आज वान नदीवरील हनुमानसागरातून अकोट आणि तेल्हारा भागातील ८४ खेड्यांच्या योजनेला पिण्याचे पाणी मिळते.

४/ म्हणजे येथे जलाशय हा केवळ सिंचनाचा प्रश्न नाही. जमिनीखाली खारे पाणी असलेल्या गावाला वरून येणाऱ्या गोड्या पाण्यावाचून गत्यंतर नसते. धरण रिकामे राहिले तर घशाला कोरड, आणि फुटले तर खालच्या गावांवर लोंढा. दोन्ही चिंता एकाच भिंतीपाशी येऊन थांबतात.

५/ ती भिंत मातीची कशी टिकते? तिच्या पोटात चिकण काळ्या मातीचा गाभा असतो. तो पाणी अडवतो. पण काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. म्हणून दोन्ही बाजूंनी तिच्यावर मुरमाचे जड आवरण घालतात. पाण्याकडील उतारावर लाटांपासून बचावासाठी दगडांची फरसबंदी करतात. प्रत्येक थर पाणी शिंपडून, रोलर फिरवून दाबलेला असतो.

६/ एक गोष्ट अनेकांना धक्का देते : मातीचे प्रत्येक धरण झिरपते. १८५६ साली आँरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याने वाळूतून पाणी किती वेगाने वाहते याचा नियम मांडला, आणि ही झिरप मोजता येऊ लागली. झिरप पूर्णपणे थांबवता येत नाही. तिला सुरक्षित वाट करून देणे एवढेच अभियंत्याच्या हाती असते.

७/ वाट दिली नाही तर पाणी ती स्वतः शोधते. बाहेर पडताना ते मातीचे कण सोबत नेते, त्या जागी बारीक पोकळी होते, पोकळीतून पाणी आणखी वेगाने धावते. अशी नळी खालच्या उतारापासून मागे जलाशयाकडे पोखरत जाते. विसाव्या शतकात कार्ल तेर्झागीने यावर उपाय नेमका केला : वाळूची अशी गाळणी, जी पाणी जाऊ देईल आणि माती अडवील.

८/ म्हणून धरणावरच्या अनुभवी चौकीदाराचे लक्ष पायथ्याच्या चरातील पाण्याच्या रंगावर असते. नितळ पाणी ठरावीक प्रमाणात येत असेल तर धरण निरोगी. पाणी गढूळ झाले, किंवा जलाशयाची पातळी तीच असताना झिरप वाढली, तर धरणाच्या आतून माती निघून चालली आहे असे समजावे.

९/ मातीच्या धरणाचा दुसरा शत्रू म्हणजे माथ्यावरून वाहणारे पाणी. दगडी धरण थोडा वेळ ते सोसते, माती सोसत नाही. काही तासांत खिंडार पडते. म्हणूनच सांडवा असतो. सांडव्यात झुडपे माजली वा अतिक्रमण झाले, तर धरणाचा प्राणच आवळला जातो.

१०/ महाराष्ट्राने हा धडा १२ जुलै १९६१ रोजी घेतला. पुण्याजवळ अंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण अजून पुरे व्हायचे होते, तरी त्या पावसाळ्यात पाणी अडवले गेले. पाणी सोडण्याच्या मोरीचे आणि दरवाजांचे कामही अपुरे होते. जलाशय झपाट्याने चढला. मोरीवरचा भराव खचू लागला आणि धरणाचा माथा खाली बसत गेला.

११/ लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून माथा उंच ठेवण्याची शर्थ केली. सकाळी धरण फुटले. तो लोंढा खालच्या खडकवासल्यावर आदळला. १८७९ पासून उभे असलेले ते दगडी धरणही त्याच दिवशी फुटले. पुण्यातील नदीकाठच्या पेठा बुडाल्या आणि पूर ओसरल्यावर शहराला पिण्याचे पाणीही उरले नाही. पुढे न्यायमूर्ती नाईक आयोगाने या दुर्घटनेची चौकशी केली.

१२/ ५ जून १९७६ रोजी अमेरिकेतील आयडाहो राज्यात टिटन धरण प्रथमच भरत असताना फुटले. तेथे माथ्यावरून पाणी गेले नव्हते. आतून नळी पडली होती. सकाळी दिसलेली गळती दुपारपूर्वी खिंडार झाली. ११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातेत मच्छू-२ धरणाचे मातीचे बांध पुराच्या पाण्याखाली गेले आणि मोरबी शहर वाहून निघाले. येणाऱ्या पुराचा अंदाज कमी धरला गेला होता.

१३/ यानंतर देशात धरणांच्या तपासणीला संस्थात्मक रूप आले. महाराष्ट्राने १९८० साली नाशिक येथे धरण सुरक्षितता संघटना स्थापन केली. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर अशी वर्षातून दोनदा तपासणी करण्याची शिस्त रुजली. पहिली तपासणी धरण पाण्याला तयार आहे का ते पाहते, दुसरी पाण्याने त्याचे काय केले ते.

१४/ तपासणीतील बाबी वरवर साध्या वाटतात. माथ्यावर भेग आहे का, भराव कोठे बसला आहे का, फरसबंदीचे दगड घसरले आहेत का, उतारावर झाडे वाढली आहेत का, उंदीर-घुशींची बिळे आहेत का, दरवाजे फिरतात का. बाभळीचे मूळ कुजले की भरावात पाण्याला आयती नळी मिळते. धोका बहुधा अशाच क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टींतून सुरू होतो.

१५/ तपासणी आणि दुरुस्ती यांतील अंतर किती जीवघेणे ठरते, ते २ जुलै २०१९ च्या रात्री दिसले. चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील लहानसे मातीचे धरण फुटले, भेंडवाडीतील घरे वाहून गेली आणि वीसजणांच्या आसपास माणसे दगावली. गळतीच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. धरणाने खूण दिली होती, लोकांनी ती वाचलीही होती. पुढचे काम मात्र वेळेत झाले नाही.

१६/ २०२१ साली संसदेने धरण सुरक्षा अधिनियम केला. १५ मीटरहून उंच धरणे त्याच्या कक्षेत येतात. १० ते १५ मीटर उंचीची धरणे काही अटींवर. त्याहून ठेंगणे गावतलाव आणि पाझर तलाव बहुतांशी बाहेर राहतात. त्यांची भिस्त स्थानिक यंत्रणेवर आणि काठच्या माणसांच्या नजरेवर असते.

१७/ श्रावणात सातपुड्याचे ओढे भरून येतात, जलाशय तुडुंब होतो, आणि सांडवा पाहायला अकोटकर सहकुटुंब जातात. तो आनंद रास्तच आहे, कारण त्या पाण्यावर खारपाणपट्ट्याचे वर्ष निघते. पण धरणाची खरी प्रकृती सांडव्याच्या शुभ्र फेसात दिसत नाही. ती भिंतीच्या पलीकडे, पायथ्याच्या चरात दिसते. तेथील पाणी नितळ आहे ना, आणि गढूळ दिसले तर ऐकून घेणारे कोणी आहे ना, हे दोन प्रश्न पानशेतपासून तिवऱ्यापर्यंत बदललेले नाहीत.