विपणन ईमेल

विपणन ईमेल म्हणजे एखाद्या व्यवसायाने किंवा संस्थेने, आपला पत्ता स्वेच्छेने नोंदवलेल्या वाचकांना वस्तू, सेवा वा उपक्रमांची माहिती देण्यासाठी पाठवलेले इलेक्ट्रॉनिक पत्र. असे पत्र ठरावीक काळाने येत असल्यास त्यास ई-वार्तापत्र असेही म्हणतात. ज्यांना ते पाठवले जाते त्यांच्या पत्त्यांच्या संचास वाचकयादी किंवा ग्राहकयादी म्हणतात. वाचकाची संमती हा या लेखनप्रकाराचा पाया आहे. संमतीवाचून पाठवलेल्या जाहिरातपत्रांची गणना स्पॅममध्ये होते.

पूर्वपीठिका

टपालाने ग्राहकापर्यंत पोहोचण्याची पद्धत ईमेलच्या फार पूर्वीची आहे. भारतात १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड सुरू झाले आणि अल्प खर्चात दूरच्या ग्राहकास लिहिणे व्यापाऱ्यांना शक्य झाले. ही टपालसामग्री महाराष्ट्रात छापली जाण्याशी नाशिकचा संबंध आहे. नाशिकरोड येथील भारत प्रतिभूती मुद्रणालयात १९२० च्या दशकापासून टपाल तिकिटे छापली जातात. टपाल खात्याने २००२ मध्ये 'मेघदूत' पोस्टकार्ड काढले. त्याच्या पत्त्याच्या बाजूला जाहिरात छापलेली असे आणि म्हणून ते साध्या कार्डाच्या निम्म्या किमतीत, २५ पैशांना मिळे.

ग्राहकांसाठी नियमित वार्तापत्र काढण्याचे मराठीतील ठळक उदाहरण म्हणजे 'किर्लोस्कर खबर'. किर्लोस्करवाडी (आता सांगली जिल्हा) येथील नांगराच्या कारखान्याने १९२० मध्ये ते सुरू केले. शंकरराव किर्लोस्कर त्याचे संपादक होते. कारखान्याचा ग्राहकांशी व विक्रेत्यांशी संपर्क राहावा, हा मूळ हेतू होता. मात्र मालाच्या माहितीबरोबरच वाचकाला उपयोगी आणि रंजक असा मजकूर त्यात येऊ लागला. पुढे नावातील 'खबर' हा शब्द गळाला आणि 'किर्लोस्कर' हे मराठीतील अग्रगण्य मासिक झाले. 'स्त्री' (१९३०) व 'मनोहर' (१९३४) ही त्याची भावंडे. व्यापारी पत्रव्यवहारातून स्वतंत्र वाचकवर्ग उभा राहिल्याचा हा दाखला आहे. वाचक पत्राची वाट पाहतो ती त्यातील उपयुक्ततेमुळे, हे त्यावरून दिसते.

ईमेलचा आरंभ

मे १९७८ मध्ये अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे विक्री अधिकारी गॅरी थुर्क यांनी अर्पानेट या जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना संगणकाची जाहिरात पाठवली. तिच्यावर तक्रारी आल्या. हा संदेश पहिला स्पॅम मानला जातो. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्यानंतर मोफत ईमेल सेवांमुळे पत्ता असलेल्यांची संख्या वाढत गेली आणि व्यापारी पत्रांसाठी ईमेलचा वापर रूढ झाला.

लेखनाची अंगे

प्रेषकाचे नाव: पत्र कोणाकडून आले आहे हे वाचकास उघडण्यापूर्वी कळावे लागते. दर वेळी तेच नाव वापरल्यास ओळख टिकते.

विषयओळ: मोबाईलवर विषयाची साधारण ३० ते ४० अक्षरे दिसतात, म्हणून महत्त्वाचा शब्द आरंभी ठेवतात. 'शेवटची संधी' किंवा 'त्वरा करा' यांसारखी विषयओळ वारंवार वापरल्यास तिचा प्रभाव ओसरतो. विषयओळीत दिलेले आश्वासन मजकुरात पुरे होणे आवश्यक असते. ते न झाल्यास वाचक पुढील पत्रे उघडेनासा होतो.

मायना: मराठी पत्रलेखनात 'स. न. वि. वि.' (सप्रेम नमस्कार, विनंती विशेष) यांसारख्या मायन्यांची परंपरा आहे. विपणन ईमेलमध्ये बहुधा 'सप्रेम नमस्कार' हा सुटसुटीत मायना योजतात. वाचकास 'आपण' म्हणायचे की 'तुम्ही', हे आरंभी ठरवून संपूर्ण पत्रात एकच रूप ठेवतात.

मजकूर: एका पत्रात एकच मुख्य विषय ठेवणे श्रेयस्कर मानले जाते. परिच्छेद छोटे असतात. वस्तूचे गुण विशेषणांनी सांगण्याऐवजी माप, किंमत, मुदत, वापरण्याची रीत असा तपशील दिल्यास वाचकास निर्णय घेता येतो. इंग्रजी जाहिरातीचे शब्दशः भाषांतर केलेला मजकूर मराठी वाचकास परका वाटतो.

विनंती: वाचकाने पुढे काय करावे (नोंदणी, खरेदी, भेट किंवा उत्तर) हे एका स्पष्ट वाक्यात सांगतात.

समारोप: शेवटी प्रेषकाचा पत्ता, संपर्काचे साधन आणि यादीतून नाव काढण्याचा दुवा असतो.

नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात

पत्राची वेळ व विषय स्थानिक व्यवहारातून ठरतात. द्राक्षबागेत एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी होते. निफाड, दिंडोरी भागातील बागायतदारांना शेती निविष्ठा विकणाऱ्या दुकानाचे पत्र छाटणीच्या आधी पोहोचले तर कामी येते. छाटणी उरकल्यावर आलेले तेच पत्र निरुपयोगी ठरते. सर्व ग्राहकांना एकच पत्र न पाठवता द्राक्ष, कांदा, डाळिंब अशा पिकांनुसार यादीचे भाग पाडणे यासाठीच उपयोगी असते.

येवल्याच्या पैठणीचे उदाहरण वेगळे आहे. पैठणी ही वारंवार होणारी खरेदी नव्हे. त्यामुळे दर आठवड्यास सवलतीचे पत्र पाठवण्याने वाचक कंटाळण्याचा संभव अधिक. त्याऐवजी मोर, मुनिया, असावली या नक्षींची ओळख किंवा हातमागाच्या पैठणीच्या पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी कशी दिसते, याची माहिती देणारे पत्र खरेदी न करणाऱ्या वाचकालाही उपयोगी पडते आणि लग्नसराई आली की दुकानाचे नाव त्याच्या लक्षात राहते. 'नवीन पैठण्या आल्या, त्वरा करा' या विषयओळीपेक्षा 'हातमागाची पैठणी कशी ओळखावी?' ही विषयओळ पत्रातील मजकूर नेमकेपणाने सांगते.

देवनागरीतील अडचणी

युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर विशिष्ट फॉन्टांमध्ये टंकलिखित होई. तोच फॉन्ट वाचकाच्या संगणकावर नसल्यास अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसत. युनिकोडमुळे ही अडचण बव्हंशी दूर झाली. मात्र यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'क्ष' हे जोडाक्षर क, हलन्त चिन्ह व ष अशा तीन चिन्हांचे असल्याने त्यास नऊ बाइट लागतात. जीमेल सुमारे १०२ किलोबाइटपेक्षा मोठे पत्र मध्येच कापून दाखवते आणि उरलेला भाग स्वतंत्र दुव्यामागे ठेवते. अशा वेळी नाव काढण्याचा दुवाच दृष्टिआड होऊ शकतो. मजकूर चित्राच्या रूपात पाठवल्यास चित्रे बंद ठेवणाऱ्या वाचकास आणि वाचक सॉफ्टवेअर वापरणाऱ्या दृष्टिबाधित व्यक्तीस तो कळत नाही.

संमती आणि कायदा

भारतात केवळ व्यापारी ईमेलसाठी स्वतंत्र कायदा नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे विनियम व्यापारी दूरध्वनी व लघुसंदेशांना लागू आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ मध्ये त्रासदायक ईमेलचा उल्लेख होता, परंतु सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी ते कलम रद्द केले. ईमेल पत्ता हा वैयक्तिक विदा असल्याने डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ येथे महत्त्वाचा ठरतो. त्यानुसार संमती स्वेच्छेची, विशिष्ट हेतूसाठी व माहितीपूर्वक असावी लागते आणि ती मागे घेणे देण्याइतकेच सोपे असावे लागते. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय व्यक्तीस मिळतो. अमेरिकेत २००३ चा कॅन-स्पॅम कायदा व युरोपीय संघात २०१८ पासून लागू झालेला जीडीपीआर आहे. परदेशातील वाचकांना पत्रे पाठवणाऱ्यांना तेथील नियम विचारात घ्यावे लागतात.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेल पत्त्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना प्रेषकाची तांत्रिक सत्यता सिद्ध करणे, एका क्लिकवर नाव काढण्याची सोय देणे आणि स्पॅम-तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवणे आवश्यक आहे. विकत घेतलेल्या यादीवरील व्यक्तींनी या प्रेषकास संमती दिलेली नसल्याने तक्रारी वाढतात. त्याचा परिणाम संमती दिलेल्या वाचकांवरही होतो, कारण त्यांची पत्रेसुद्धा स्पॅममध्ये जाऊ लागतात.

परिणामांचे मोजमाप

किती जणांनी पत्र उघडले, हे प्रमाण दीर्घकाळ यशाचे माप मानले गेले. ॲपलने २०२१ मध्ये आणलेल्या गोपनीयता सुविधेत पत्रातील चित्रे आपोआप उतरवली जात असल्याने, न वाचलेले पत्रही उघडल्याची नोंद होऊ शकते. त्यामुळे दुव्यावरील क्लिक, प्रत्यक्ष खरेदी, आलेली उत्तरे आणि यादीतून नाव काढणाऱ्यांची संख्या यांस अधिक महत्त्व दिले जाते. दीर्घकाळ उत्तर न देणाऱ्या वाचकास 'पत्रे चालू ठेवावीत का?' असे विचारून, प्रतिसाद नसल्यास नाव वगळण्याची पद्धत आहे. यादी लहान झाली तरी तीत उरलेल्यांची संमती खरी असते.

हेही पहा

पत्रलेखन
जाहिरात
किर्लोस्कर (मासिक)
पैठणी
युनिकोड